पडद्यावरचे भुंगेरे

पडदा हा शब्द आपल्या घरांत दोन अर्थांनी वावरतो. एक पडदा दाराला असतो. आतले बाहेर दिसू नये म्हणून तो लावायचा. दुसरा पडदा टॉकीजमध्ये असतो. एरवी जे दिसले नसते ते शेकडो लोकांना एकदम दिसावे म्हणून तो बांधायचा. एक झाकतो, दुसरा दाखवतो. आपल्या दादी-नानींच्या बोलण्यात याच शब्दापासून झालेला आणखी एक शब्द असे : पर्दापोशी. कुणाचा ऐब आपल्याला कळला तरी तो चारचौघांत उघडा करू नये, त्यावर पांघरूण घालावे, म्हणजे पर्दापोशी. हा माणसाचा मोठा गुण समजला जाई.

झाकणारा पडदा, दाखवणारा पडदा आणि पर्दापोशी या तिन्हींचा एकदम विचार करायला लावणारा एक जुना विनोदी चित्रपट आहे. तो १९१२ साली मॉस्कोत प्रदर्शित झाला. लांबी जेमतेम बारा-तेरा मिनिटे. अर्थातच मूकपट. त्यात एकही माणूस नाही. नवरा, बायको, नर्तकी, चित्रकार, कॅमेरामन आणि थिएटरातले प्रेक्षकसुद्धा किडे आहेत. रशियन नावाचा मराठी अर्थ होतो ‘सिनेमाच्या कॅमेरामनचा सूड’. दिग्दर्शक व्लादिस्लाव स्टारेविच. ॲनिमेशनच्या इतिहासात या चित्रपटाचे नाव आदराने घेतले जाते, पण बहुधा तंत्रासाठी. मला वाटते, त्याची खरी ताकद तंत्राच्या पलीकडे आहे. दुसऱ्याचे खासगी आयुष्य जगापुढे मांडणाऱ्याला तो अधिकार कुठून मिळतो, हा प्रश्न या चिमुकल्या प्रहसनाने विचारला आहे. आपल्या समाजात लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या लोकांना तो प्रश्न परका नाही.

आधी थोडे या माणसाविषयी. स्टारेविचचा जन्म १८८२ साली मॉस्कोत, एका पोलिश कुटुंबात झाला. बालपण गेले आजोळी, आजच्या लिथुआनियातील कौनास शहरात. कीटकांचे त्याला वेड होते. तिथल्या संग्रहालयासाठी तो लोकजीवनावर आणि निसर्गावर छोटे चित्रपट काढू लागला. १९१० च्या सुमारास त्याने ठरवले, की सांबराच्या शिंगांसारखे मोठे जबडे असलेल्या भुंगेऱ्यांची झुंज चित्रित करायची. मादीसाठी दोन नर त्या जबड्यांनी एकमेकांना उचलून आपटतात. पण हे भुंगेरे निशाचर. कॅमेऱ्यासाठी प्रखर दिवे लावले की ते निपचित पडून राहत. आपल्या गझलेतला परवाना शमा दिसताच झेप घेतो आणि जळून जातो. स्टारेविचचे हे आशिक मात्र दिवा लागला की झोपी जात!

मग त्याने मेलेले भुंगेरे घेतले. त्यांचे पाय काढून त्या जागी बारीक तारा लावल्या आणि लाखेने धडाला चिकटवल्या. आता पाय हवे तसे वाकवता येऊ लागले. पाय किंचित हलवायचा, एक चित्र घ्यायचे. पुन्हा किंचित हलवायचा, पुन्हा एक चित्र. ती चित्रे सलग फिरवली की मेलेला भुंगेरा चालू लागतो, झुंजू लागतो. मूकपटाचा वेग सेकंदाला १६ चित्रे धरला, तर एका मिनिटासाठी ९६० चित्रे लागतात. बारा मिनिटांचा हिशेब वाचकांनीच करावा. आणि एकेका किड्याला सहा पाय असतात, हेही विसरू नये.

ही युक्ती त्याला एमिल कोल या फ्रेंच कलावंताचा १९०८ सालचा चित्रपट पाहून सुचली, असे सांगितले जाते. कोलच्या त्या चित्रपटात आगपेटीतल्या काड्या जिवंत होऊन हालचाली करतात. मराठी वाचकाला इथे दादासाहेब फाळके आठवल्याशिवाय राहणार नाहीत. भुंगेऱ्यांचा चित्रपट आला त्याच १९१२ साली फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच थांबत थांबत, एकेक चित्र घेत टिपली होती. पुढे १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा लघुपटही केला. या माणसांच्या मुलखांत हजारो मैलांचे अंतर होते. पण निर्जीव वस्तूत चित्राचित्राने जीव ओतण्याचे वेड एकच होते.

मॉस्कोतले मोठे निर्माते अलेक्झांडर खान्झोन्कोव्ह यांनी स्टारेविचला आपल्या कंपनीत बोलावून घेतले, आणि तिथे हा चित्रपट तयार झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत विन्सर मॅके या चित्रकाराने एका डासावर विनोदी चित्रपट काढला होता. तो डास डोक्यावर उंच टोपी घालतो, हातात बॅग घेतो, सोंड दगडावर घासून धार लावतो आणि झोपलेल्या माणसाचे रक्त पिऊन पिऊन शेवटी फुटतो. हसून पुरेवाट होते. पण मॅकेचा डास कागदावर काढलेला आहे. स्टारेविचचा भुंगेरा खराखुरा, एके काळी जिवंत असलेला आहे. डासाच्या चित्रपटात आपण माणसाच्या बाजूने किड्याकडे पाहतो. स्टारेविचच्या चित्रपटात माणूस उरलेलाच नाही. म्हणून किड्यांना हसता हसता आपण कुणाला हसतो आहोत, हे थोड्या वेळाने ध्यानात येते.

कथा थोडक्यात अशी. श्री. आणि सौ. झुकोव्ह हे सुखवस्तू जोडपे. रशियन भाषेत ‘झुक’ म्हणजे भुंगेरा. तेव्हा आपण त्यांना श्री. व सौ. भुंगेरे म्हणायला हरकत नाही. घरात सगळे आहे, फक्त करमणूक नाही. श्रीयुत भुंगेरे कामाच्या निमित्ताने वरचेवर शहरात जातात. काम म्हणजे एका नाचगाण्याच्या क्लबातली नर्तकी. ती आहे चतुर, म्हणजे पाण्यावर भिरभिरणारा तो लांब पंखांचा कीटक. मराठीने या किड्याला दिलेले नाव तिला शोभून दिसते. तिच्यावर आणखी एकाचा डोळा आहे, तो म्हणजे नाकतोडा. भुंगेरे अंगाने भक्कम. ते नाकतोड्याला धक्के मारून बाजूला करतात आणि नर्तकीला घेऊन हॉटेलात जातात. नाकतोडा पेशाने सिनेमाचा कॅमेरामन आहे, हे त्यांना ठाऊक नसते. अपमानाने पेटलेला नाकतोडा सायकलवरून त्यांच्या मागे जातो, खोलीच्या दाराशी तिपाई रोवतो आणि किल्लीच्या भोकातून आतला सगळा प्रकार चित्रित करतो.

इकडे घरी सौ. भुंगेरे यांचाही एक मित्र आहे, एक चित्रकार किडा. तो चित्र घेऊन येतो, दोघे सोफ्यावर बसतात आणि नवरा नेमका तेव्हाच दारात उभा राहतो. चित्रकार शेकोटीच्या धुराड्यातून पळतो. नवरा घर डोक्यावर घेतो, चित्रकाराला गाठून चोपतो. मग राग शांत होतो. श्रीयुत भुंगेरे मोठ्या मनाने बायकोला माफ करतात आणि तिला सिनेमा दाखवायला नेतात. त्या थिएटरात यंत्र चालवायला बसला आहे तोच नाकतोडा. दिवे मालवतात, पडद्यावर चित्र उमटते, आणि त्यात दिसतात खुद्द श्रीयुत भुंगेरे आणि ती नर्तकी. बायको छत्री उगारते. नवरा पळता पळता पडदा फाडून पलीकडे जातो, यंत्राच्या खोलीत शिरतो, मारामारी होते आणि आग लागते. त्या काळची फिल्म झटकन पेट घेणारी असे. तेव्हा ही आग म्हणजे नुसती गंमत नव्हे, त्या धंद्यातले रोजचे भय होते. शेवटी नवरा-बायको दोघेही तुरुंगात, एका कोठडीत शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

गोष्ट पाहिली तर जुन्या फार्साची आहे. मॉस्कोत तेव्हा नवरा-बायकोच्या बेइमानीवरचे अश्रूभरले चित्रपट चालत. हा चित्रपट त्यांची टिंगल करतो. पण टिंगल करण्याची रीत पाहा. भुंगेऱ्याला चेहरा नसतो. त्याचे कवच कठीण. त्यावर ना लाज उमटते, ना राग. माणूस नट असता तर त्याने डोळे मोठे केले असते, छाती बडवली असती. इथे फक्त हालचाल आहे. हॉटेलात जाताना नवऱ्याच्या चालीत आलेला दिमाख आपल्याला कळतो. घरी परतल्यावर दारावर पडलेले त्याचे धक्के कळतात. बायकोच्या हातातली छत्री वर जाते तेव्हा तिच्या मनात काय झाले असेल तेही कळते. चेहरा नसताना हे कळते, कारण तो चेहरा आपण स्वतःजवळचा त्याला देतो. समाजात प्रतिष्ठित म्हणून वावरणाऱ्या माणसांचेही असेच असते. वरचे कवच गुळगुळीत, चकचकीत. आत काय चालले आहे ते पायांच्या हालचालींवरून ओळखायचे.

या चित्रपटातला सर्वांत बोचरा विनोद मारामारीत नाही, माफीत आहे. नवरा स्वतः शहरातून जे करून आला आहे, तेच बायकोने घरात केले. तरी तो न्यायाधीश होतो, ती आरोपी. तो आधी शिक्षा करतो, मग दया करतो. माफी देण्याचा अधिकार आपल्याकडे आहे हे त्याला स्वतःला सिद्ध करावे लागत नाही; तो नवरा आहे एवढे पुरते. स्टारेविचने या माफीवर कोणतीही टीका केलेली नाही. तो फक्त त्या जोडप्याला पुढच्याच दृश्यात थिएटरात नेऊन बसवतो. माफी देणाऱ्याचा स्वतःचा हिशेब पडद्यावर येतो, आणि मघाची दया कशी पोकळ होती ते एका क्षणात उघडे पडते. आपल्या घरांतून, जमातीच्या बैठकांतून अशा मोठ्या मनाच्या माफ्या आपण पाहिलेल्या नाहीत काय? बाईची चूक पंचांपुढे येते. पुरुषाची चूक कामानिमित्त शहरात गेलेली असते.

स्वस्त माफीवर या दिग्दर्शकाचा विश्वास नव्हता, हे त्याच्या पुढच्या चित्रपटातही दिसते. १९१३ साली त्याने क्रिलोव्ह या रशियन कवीच्या मुंगीच्या कथेवर चित्रपट केला. उन्हाळाभर गाण्यात रमलेला कीटक हिवाळ्यात मुंगीच्या दारी येतो, मुंगी दार लावून घेते आणि तो बर्फात मरून पडतो. याच कथेवर १९३४ मध्ये डिस्नेने रंगीत चित्रपट काढला, तेव्हा मुंग्यांच्या राणीने नाकतोड्याला आत घेतले आणि फिडल वाजवण्याचे काम दिले. तो शेवट गोड आहे. स्टारेविचचा शेवट मनात रुतून बसतो.

आता नाकतोड्याकडे वळू. रशियन भाषेत कॅमेरामनला ‘ऑपरेटर’ म्हणतात. आपल्याकडे टॉकीजमध्ये यंत्र चालवणाऱ्याला ‘ऑपरेटर’ म्हणत असू. या चित्रपटात ही दोन्ही कामे एकच किडा करतो. चित्र घेणारा तोच, ते लोकांना दाखवणारा तोच. त्याच्या हाती नवऱ्याविरुद्धचा पुरावा आहे आणि तो पुरावा खरा आहे. तरीही आपण त्याला सत्याचा कैवारी म्हणत नाही. का? कारण सौ. भुंगेरे यांच्यावर अन्याय होतो आहे म्हणून त्याने कॅमेरा रोवलेला नाही. तिचे त्याला काही देणेघेणे नाही. नर्तकी त्याला मिळाली असती तर तो स्वतःच त्या खोलीच्या आत असता आणि दाराबाहेर कुणी उभे नसते. त्याच्या हातात सत्य आहे; मनात मात्र सूड आहे. मराठीत त्याला नाकतोडा म्हणतात, आणि तो करतोही तेच. भुंगेऱ्याचे नाक चारचौघांत तोडणे एवढाच त्याचा हेतू आहे.

यातली दुसरी मेख अशी, की कॅमेऱ्याने दाखवले ते खरे, असे मानून चित्रपटातले थिएटर हलते. सौ. भुंगेरे छत्री उचलते, ती पडद्यावर विश्वास ठेवून. ज्या माणसाने हा चित्रपट केला त्याचा कॅमेरा मात्र पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत खोटे सांगत होता. मेलेले किडे तो जिवंत म्हणून दाखवत होता. त्याचे सुरुवातीचे कीटकपट पाहून काही प्रेक्षकांना आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनाही ते शिकवून तयार केलेले जिवंत किडे वाटले, असे चित्रपटाचे इतिहासकार सांगतात. म्हणजे पडद्याबाहेरचे प्रेक्षकही फसले. पडद्यावर दिसले म्हणून खरे मानू नका, हे स्टारेविचने कुठेही लिहिले नाही. त्याच्या कारागिरीतच ते आहे. आज यंत्राच्या मदतीने कुणाचाही चेहरा कुणाच्याही धडावर बसवता येतो, बोलवता येतो. शंभर वर्षांपूर्वीचा हा धडा म्हणून जुना झालेला नाही.

इथे मला एक घडलेली गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातली एक कॉलेजात जाणारी मुलगी एस.टी. स्टँडजवळच्या हॉटेलात एका मुलाबरोबर चहा पीत बसली होती. कुणीतरी खिडकीतून मोबाइलवर त्याची चित्रफीत काढली. संध्याकाळपर्यंत ती सगळ्या मोहल्ल्यात फिरली. पुढच्या महिन्यात मुलीचे शिक्षण थांबले. घरच्यांनी तिला दूरच्या गावी नातेवाइकांकडे पाठवून दिले. मुलाचे काय झाले, ते कुणी विचारले नाही. चित्रफीत कुणी काढली, तेही कुणी विचारले नाही. पर्दापोशीवर दर शुक्रवारी माना डोलावणारे आम्हीच सगळे होतो. ती चित्रफीत माझ्याही मोबाइलवर आली होती. मी ती पाहिली होती. पुढे पाठवली नाही, एवढेच समाधान मी बरेच दिवस स्वतःला देत राहिलो. स्टारेविचचा चित्रपट पाहताना ते समाधान गळून पडले. नाकतोडा किल्लीच्या भोकाला कॅमेरा लावतो तेव्हा आपल्याला हसू येते. पण आत काय चालले आहे ते पाहण्याची उत्सुकता त्याच्याइतकीच आपल्यालाही असते. ते भोक आपल्याही डोळ्यापुढे असते.

मग उत्तर काय? सगळे झाकून ठेवायचे? पर्दापोशीची थोरवी मला मान्य आहे, पण तिचाही हिशेब मांडला पाहिजे. नाकतोड्याने काही चित्रित केले नसते तर श्रीयुत भुंगेरे आयुष्यभर उदार नवरा म्हणून मिरवले असते आणि सौ. भुंगेरे आयुष्यभर माफ केलेली बायको म्हणून मान खाली घालून राहिली असती. पांघरूण बहुतेक वेळा बलवानाच्याच अंगावर जाते. दुबळ्याचा ऐब झाकायला ते पुरत नाही. आपल्या लेखकांवर, त्याहून अधिक लेखिकांवर, हा आरोप नेहमी होत आला : घरातले चव्हाट्यावर का मांडता? आपली दुखणी परक्यांना का दाखवता? तलाकाची, हुंड्याची, भावाभावांतल्या वाटणीत बहिणीचा हिस्सा बुडवल्याची कथा लिहिली, की लिहिणाऱ्याच्या हेतूवरच बोट ठेवले जाते. लिहिणाऱ्याने गप्प बसावे म्हणून पर्दापोशीची आठवण करून दिली जाते. तेव्हा चव्हाट्यावर मांडणारा प्रत्येक जण नाकतोडाच असतो काय, याचा निवाडा करायला काही कसोटी हवी.

ही कसोटी मला याच चित्रपटात सापडते. स्टारेविच स्वतः कॅमेरामन होता. लोकांच्या घरातल्या भानगडी पडद्यावर दाखवून पैसे मिळवणाऱ्या धंद्यातच तोही होता. त्याने चित्रपट काढला तेव्हा नवऱ्याला उघडे पाडले, बायकोला उघडे पाडले. पण एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने आपल्या पेशाचा माणूस, त्याची तिपाई, त्याचे यंत्र, त्याचा सूडही चौकटीत आणून ठेवला. नावच मुळी कॅमेरामनच्या सुडाचे आहे. नाकतोडा दाराबाहेर लपून चित्र घेतो. त्याच्या चित्रपटात तो स्वतः कुठेही दिसत नाही. स्टारेविचच्या चित्रपटात मात्र नाकतोडा दिसतो. फरक आहे तो इथे. जो दुसऱ्याचा पडदा बाजूला करताना स्वतःला पडद्याआड ठेवतो, तो चहाडखोर. जो स्वतःलाही उजेडात उभे करतो, आपला हेतू, आपला वाटा, आपली चूकही मांडतो, त्याला साक्षीदार म्हणता येईल. आपल्या साहित्यातले जे लेखन टिकले, ते या दुसऱ्या जातीचे आहे, असे कुणालाही तपासून पाहता येईल. त्यात लेखक आपल्याच घराच्या उंबऱ्यावर उभा असतो; शेजाऱ्याच्या दाराशी वाकलेला नसतो.

एवढी स्तुती केल्यावर चित्रपटातले उणेही सांगितले पाहिजे. सर्वांत मोठे उणे त्या नर्तकीच्या बाबतीत आहे. तिची छबी तिच्या नकळत घेतली गेली आणि भरल्या थिएटरात दाखवली गेली. नवऱ्याला निदान पळता आले, लढता आले. ती त्या थिएटरात दिसतही नाही. तिच्यावर काय गुदरले असेल, याची विचारपूस दिग्दर्शकाने केली नाही. मुळात तिला क्लबात नाचणारी म्हणून उभे केले, की प्रेक्षकही विचारपूस करत नाहीत. तिला कसली इज्जत, असे गृहीत धरून पुढे जातात. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलीचे जे झाले ते पाहता मला हे गृहीत धरणे आता हसण्यावारी नेता येत नाही. दुसरे उणे शेवटाचे. नवरा आणि बायको सारख्याच कोठडीत बसतात. हा न्याय वरवर समान दिसतो. पण एकाने केले आणि लपवले, वर निवाडाही दिला. दुसरीने केले आणि मारही खाल्ला, माफीही घेतली. दोघांची तुरी एकाच मापात मोजली गेली. आणि ज्याने हे सगळे पेटवले तो नाकतोडा त्या कोठडीत नाही. त्याचे यंत्र जळाले असेल. शिक्षा मात्र त्याला झालेली आपण पाहत नाही. कदाचित दिग्दर्शकाला आपल्या पेशातल्या माणसाला आत टाकणे जड गेले असावे. मी मघाशी जी कसोटी सांगितली तिच्यावर तो नव्वद टक्के उतरतो, शंभर टक्के नाही.

तरीही त्या कोठडीच्या दृश्याला एक उब आहे, ती नाकारता येत नाही. घर गेले, क्लब गेला, चित्रकार गेला. आता दोघांकडे एकमेकांविषयी लपवायला काही उरलेले नाही. पहिल्यांदाच ते नवरा-बायको म्हणून, कवचाशिवाय म्हणावे तसे, समोरासमोर आहेत. इथून पुढे संसार सुरू होईल की भांडण, ते दिग्दर्शक सांगत नाही. पण कोणत्याही उदार माफीशिवाय दोघे एका पातळीवर बसलेले चित्रपटात फक्त इथेच दिसतात.

स्टारेविचचे पुढचे आयुष्य घरापासून दूर गेले. १९१७ च्या क्रांतीनंतर त्याने रशिया सोडला आणि इटलीमार्गे तो फ्रान्समध्ये पोहोचला. पॅरिसजवळच्या एका गावात त्याने घरातच स्टुडिओ मांडला. मुलगी इरेन त्याच्या हाताखाली काम करू लागली. बाहुल्यांचे, प्राण्यांचे अनेक चित्रपट त्याने केले आणि १९६५ साली तिथेच त्याचा शेवट झाला. ज्या देशात भुंगेऱ्यांना जीव दिला, तिथे त्याला पुन्हा राहायला मिळाले नाही. त्याचे भुंगेरे मात्र सगळीकडे फिरले. हा चित्रपट आज इंटरनेटवर कुणालाही विनामूल्य पाहता येतो. वेगवेगळ्या प्रतींत मधल्या पाट्यांचा मजकूर थोडा वेगळा आढळतो, गोष्ट तीच.

घरातल्या मुलांबरोबर पाहावा असा हा चित्रपट आहे का, असे मला एका मित्राने विचारले. अगदी लहानांना त्यातले निम्मे कळणार नाही. ते नाकतोड्याच्या सायकलीवर खूश होतील. पण ज्या मुलांच्या हातात आपण मोबाइल दिला आहे, त्यांना तो जरूर दाखवावा आणि संपल्यावर एकच प्रश्न विचारावा : यातला गुन्हेगार कोण? मी आमच्या घरी विचारला. मोठ्या मुलाने नवऱ्याचे नाव घेतले. धाकटी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अब्बा, त्या थिएटरात बसलेले बाकीचे किडे उठून का गेले नाहीत?”

मी उत्तर दिले नाही. मीही बसूनच राहिलो होतो.